फोनवरच्या बाईला शाल नाही

चिंचवडच्या आमच्या कंट्रोल रूममध्ये एक शिस्त आहे. अॅम्ब्युलन्स पोचली की फोन ठेवायचा आणि पुढचा घ्यायचा. माणूस जगला का, हे ड्रायव्हरला कळतं, शेजारपाजाऱ्यांना कळतं, आम्हाला नाही. ड्रायव्हरांचा मला हेवा वाटतो तो त्यामुळेच. बाळंतिणीच्या घरची बर्फी खाऊन येतात आणि वर मलाच सांगतात, "ताई, मुलगी झाली बरं का."

चाकणच्या एका कंपनीत, कॅन्टीनमध्ये एक कामगार कोसळला. श्वास बंद. फोन त्याच्या मशीनवरच्या जोडीदाराने केला. गाडी मी लगेच पाठवली आणि जोडीदाराला छाती दाबायला लावली. अशा वेळी आकडे आम्ही मोजतो, म्हणजे घाबरलेल्या माणसाला नुसतं दाबायचंच काम उरतं. "एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक." घसा कोरडा पडेपर्यंत मोजलं. सायरन ऐकू आला, कुणीतरी "आली, आली" ओरडलं आणि मी फोन ठेवला.

तो कामगार वाचला, हेही ड्रायव्हरकडूनच कळलं. कंपनीने सत्कार ठेवला, जोडीदाराचा आणि आमच्या ड्रायव्हरचा. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी सुट्टी टाकली, ठेवणीतली साडी नेसले आणि ड्रायव्हरबरोबर गेले. मागच्या खुर्चीत बसून दोन शाली, दोन नारळ पाहिले. मग जोडीदाराने माईकवर सगळं करून दाखवलं. "एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक." माझाच सूर, माझीच लय, टाळ्या मात्र त्याला. माझा नुसता जळफळाट झाला. वाचलेला माणूस त्याच्या गळ्यात पडला तेव्हा तर मला बघवेना.

चहाच्या वेळी मी सरळ जोडीदारापुढे जाऊन उभी राहिले.

"मोजत मी होते, भाऊ."

त्याने कप खाली ठेवला. "तुमीच व्हय त्या ताई? मंग फोन का ठिवला वो? गाडीतले डॉक्टर म्हनले, नाडी लागतीय. ते तुमास्नी सांगाया मी किती येळ हॅलो हॅलो करत हुतो."

तोवर मी दुसऱ्या कुणाचा तरी फोन घेतला होता. त्याच्या खांद्यावरच्या शालीवरून माझी नजर काही हटेना, पण खुर्ची ओढून मी बसले.

"आता सांगा," म्हटलं. "मी फोन ठेवल्यावर काय झालं?"