बारा मेगापिक्सलवाल्या बाई

"कॅमेरा किती मेगापिक्सलचा आहे?" असं कुणी विचारलं की बाई आधी चष्मा काढून काउंटरवर आपटायच्या. मग नुसत्या डोळ्यांनी समोरच्याकडे रोखून बघत म्हणायच्या, "फोटो लावणार कुठं?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. कुठं म्हणजे? घरात. नाहीतर मोबाइलवर.

"मोबाइलवर!" बाई छताकडे बघून ओरडायच्या. "तळहाताएवढ्या काचेवर बघणार, तेही बोटानं ढकलत ढकलत, आणि मला मेगापिक्सल विचारतो!"

लोणावळ्याच्या बाजारात एक चिक्कीचं दुकान आणि माझं फ्लेक्स छपाईचं दुकान, या दोहोंच्या मध्ये बाईंचा स्टुडिओ होता. आमच्यातली भिंत पातळ, त्यामुळे त्यांची सगळी भांडणं मला बसल्या जागी ऐकू यायची. स्टुडिओ त्यांनी एकटीनं उभा केला होता. तरी लोक आत डोकावून विचारायचे, "फोटोग्राफर कुठं गेलेत?" त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर होतं, "समोर उभी आहे ती काय पुतळा आहे?" तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा राग हा त्यांचा बोलण्याचा साधा आवाजच असतो.

कॅमेरा बारा मेगापिक्सलचा. त्याचं रबर सुटलेलं, त्यावर काळी चिकटपट्टी. त्याच कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून मी भिंतीएवढे फ्लेक्स छापले आहेत आणि एकाचीही तक्रार आली नाही. "फ्लेक्स माणूस रस्त्यापलीकडून बघतो," बाई म्हणायच्या. "त्याला नाक लावून कोण बघतंय?"

पण कुणालाच जास्त मेगापिक्सल लागत नाहीत, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. थंडीत धरणाकाठी पक्षी टिपायला येणारे पुण्याचे एक गृहस्थ होते. त्यांचा भलामोठा कॅमेरा बघून बाईंनी त्यांना चहा पाजला. "त्यांचा पक्षी पाण्याच्या पार पलीकडं, बोराएवढा दिसतो. तेवढाच कापून मोठा करायचा तर लागणारच," असं मला समजावून सांगितलं. एकदा नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यानं यंत्राच्या भागाला गेलेली बारीक चीर टिपायला बोलावलं, तेव्हा मात्र लालबुंद होऊन परत आल्या. चीर फोटोत आलीच नव्हती. "तिथं लागतात," एवढंच म्हणाल्या. कुणी तोंडात मारावी तसा चेहरा झाला होता.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

कार्ल्याच्या एका शेतकरी घरातली सगळी कार्यं बाईंनीच टिपलेली. लेकीचं लग्न, वास्तुशांत, बारसं. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा तो स्वतः सांगायला आला. कंपनीत कामाला, पोरगा तसा चांगला.

"मावशी, रागवू नका," तो म्हणाला. "आमी पुण्याची टीम बोलावलीय. त्यांचा कॅमेरा पंचेचाळीस मेगापिक्सलचा हाय. तुमचा बाराच. आमाला अल्बम मोठा करायचाय."

"मोठा म्हणजे केवढा?"

त्यानं दोन हात पसरून दाखवला.

"एवढा तर माझ्या कॅमेऱ्यात दोनदा मावेल," बाई म्हणाल्या. "जा. लग्नाला येईन. जेवायला येईन."

आणि खरंच हात हलवत गेल्या. कॅमेरा मुद्दाम दुकानात ठेवला. मीही होतो. वर ड्रोन घोंगावत होता, खाली चार पोरं नवरा-नवरीला हातानं धरून वळवत होती, हसवत होती, पुन्हा चालायला लावत होती. नवऱ्याची आई जेवणाच्या पंगतीत वाढत होती. बाईंचा हात धरून म्हणाली, "तुमी न्हाई तर बरं न्हाई वाटत बघा."

श्रावणात ती माउली गेली. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत संपलं सगळं. दशक्रियेचा फ्लेक्स करायला मुलगा माझ्याकडे आला. हातात लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क. बाईही माझ्या संगणकापाशी येऊन उभ्या राहिल्या.

आम्ही फोटो बघायला लागलो. नवरीच्या चपला, प्रत्येक टिकली मोजता येईल अशा. अंगठ्या. मेंदी. नारळावर लिहिलेलं नाव. वरून काढलेलं कार्यालय, त्याच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांसकट. आई कुठेच नाही. शेवटी एका फोटोत सापडली. पुढे जोडपं, मागे ती ताट घेऊन उभी. मी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. पुढच्यांच्या पापण्या मोजाव्यात, आणि आई म्हणजे नुसता हिरवट धूसर डाग. शोभा यावी म्हणून मागचं सगळं मुद्दाम अस्पष्ट ठेवलेलं.

"अजून मोठं करा ना," मुलगा म्हणाला.

"काय मोठं करायचंय?" बाई कडाडल्या. "धुकंच मोठं होणार! एवढी यंत्रं, एवढी माणसं, आणि एकालाही हिच्याकडं बघावंसं वाटलं नाही? चपला काढल्या मेल्यांनी! चपला!"

पोरगा तोंड झाकून रडत होता. मला बाईंचाही राग आला. "बाई, आता पुरे," मी म्हणालो. त्या पाय आपटत निघून गेल्या.

दुपारभर पलीकडून आवाज नव्हता, म्हणून मी डोकावलो. त्यांनी स्वतःचे सगळे जुने फोटो उघडले होते. त्याच घरातली सगळी कार्यं. मला बसायला सांगून त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली. लेकीच्या लग्नात आईची पाठ. वास्तुशांतीला अर्धा चेहरा. बारशात नुसता बांगड्यांचा हात.

"ती म्हणायची, माझा कशाला, पोरांचा काढा. आणि मी ऐकलं." आवाज चढला. "इतर वेळी मी कुणाचं ऐकते का रे? मग तिचंच कशाला ऐकलं?"

संध्याकाळी मुलगा बायकोला घेऊन पुन्हा आला. इतका वेळ त्या पोरीला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती दबकत म्हणाली, "माझ्याकडं एक हाय. लावणीला गेलतो तवा काढलेला. पर लय बारका हाय, चांगला न्हाई."

मूळ फोन पाण्यात पडून गेलेला. माहेरी पाठवलेला फोटो तेवढा परत मागवला होता. गुडघाभर चिखलात सासू उभी, हातात भाताच्या रोपांची जुडी, तोंडावर पाण्याचे शिंतोडे, आणि सुनेकडे बघून तोंडभर हसतेय.

मी फाइल बघितली. टपालाच्या तिकिटाएवढी. "बाई, फ्लेक्सवर हा पार फुटणार."

"छाप तू," बाई म्हणाल्या.

फ्लेक्स कार्ला फाट्यावर लागला. मी बाईंबरोबर बघायला गेलो. मुलगा हार घालायला शिडीवर चढला आणि तिथंच थांबला. खाली उतरून आमच्याकडे आला.

"मावशी, जवळ गेलं की आई दिसतच न्हाई. नुसते चौकोन दिसत्यात."

मला वाटलं, आता बाई त्याला सोडत नाहीत. महिनोन् महिने साठवलेलं सगळं बोलतील. त्यांनी त्याचा हात धरला, गाड्या थांबवत त्याला रस्ता ओलांडून पलीकडे नेलं आणि त्याचे खांदे धरून वळवलं.

"हितनं बघ."

त्यानं बघितलं. ती हसत होती, अगदी जिवंत.

त्यानंतर दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी बाई गावोगाव हिंडायला लागल्या. कुणी सांगितलेलं नाही, कुणी बोलावलेलं नाही. घरात शिरायचं, म्हातारी बाई शोधायची आणि तिचा फोटो काढायचा. प्रत्येक घरी उत्तर एकच, "माझा कशाला?" आणि प्रत्येक वेळी बाई नव्यानं संतापायच्या. काही जणींनी दार लावून घेतलं. एकीच्या मुलानं त्यांना हाकलून दिलं, तर बाई त्याच्याशी रस्त्यावर भांडल्या.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आलंय. दिवसभर गाणी लागलेली असतात. भिंत पातळच आहे, पण ऐकण्यासारखं काही येत नाही.

मला बाई आठवतात त्या एका डोंगरातल्या वाडीवर. मी सोबत होतो. अंगणात एक ठाकर म्हातारी सुपात नाचणी पाखडत होती. कॅमेरा बघताच तिनं पदर तोंडावर ओढला.

"मरायला टेकले मी. माझा कसला फोटू?"

"म्हणूनच काढायचाय!" बाई बोलून गेल्या.

म्हातारीचे हात थांबले. सूप खाली आपटून ती उठली, पदर मागे टाकला, कमरेवर हात ठेवले. "काय म्हनलीस?"

"हां! अशीच!" बाई ओरडल्या. "हलू नको!"

"मी कशाला हलू? माझं अंगन हाय! तूच हल!"

बाईंनी डोळ्याला लावलेला कॅमेरा काढला नाही. म्हातारीनं नजर वळवली नाही. दोघी तशाच एकमेकींसमोर ठाकल्या होत्या, रागानं फुललेल्या, आणि कोंबड्या नाचणीवर तुटून पडल्या तरी दोघींपैकी एकीचंही तिकडे लक्ष नव्हतं.