मिस्त्रींचा दुसरा कान

आमच्या परभणीकडे आई मडकं घेताना आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. खणखणलं तर घ्यायची. बद्द वाजलं की कुंभार कितीही शपथा घेवो, परत ठेवायची. ही गोष्ट मी कल्याणच्या रेल्वे यार्डात मिस्त्रींना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मंग अर्धा शिकूनच आलास की रं पोरा."

उरलेलं अर्धं काही लवकर येईना.

संस्थानात रझाकारांच्या धामधुमीत आमची शाळा बंद पडली, ती पुन्हा उघडली तेव्हा मी कल्याणला आलेलो. मामाच्या ओळखीनं मिस्त्रींनी साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. काम मालगाड्यांची चाकं वाजवायचं. गाडी घाटाकडे सुटण्याआधी लांब दांड्याची हातोडी प्रत्येक चाकावर मारायची. धड चाक घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द. तडा डोळ्याला दिसेलच असं नाही. असं चाक घाटात फुटलं तर काय होईल, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. जेवायला बसलं की तेच समोर यायचं.

मिस्त्री शहाडकडच्या गावातले. मला का घेतलं ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात, पाण्याच्या टाकीमागे नेऊन सांगितलं.

"मना येक कान नाय. दुसरा बी चाललाय. साहेबाला कललं तर घरी बसवील. तो जाचे आधी तुजा कान तयार कराचाय."

"आणि माझा तयार नाही झाला तर?"

"तर मंग दोगांनी मडकी विकू."

ते हसले. मला हसू आलं नाही. परक्या गावात ज्याच्या आधारानं उभा राहिलो, तोच माझ्या कानावर भार टाकून होता.

हातोडी त्यांच्या हातात, मी मागे दोन पावलं. चाक बद्द वाजलं की मी खाकरायचं, मग ते थांबून पुन्हा वाजवणार, एवढी आमची खूण. सुरुवातीला मी भीतीपोटी चांगल्या चाकांनाही खाकरायचो. एकदा मला हातोडी दिली, तर चाकामागून चाक बद्द वाजायला लागलं. मी धावत जाऊन गार्डला म्हटलं, गाडी सोडू नका. ब्रेक लागलेले होते. ब्रेकचा ठोकळा चाकाला चिकटलेला असला की धड चाकही बद्द बोलतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"काय रे मडकेवाल्या, अख्खी गाडीच तडकली काय?" गार्ड म्हणाला. ते नाव मला चिकटलं.

मिस्त्री रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका उभ्या डब्याजवळ नेलं, आधी ब्रेक लावून चाक वाजवायला लावलं, मग सोडून. पुन्हा लावून, पुन्हा सोडून. पुढे रोज काम सुटल्यावर हेच. भरलेला डबा, रिकामा डबा, उन्हानं तापलेलं चाक, पावसात भिजलेलं चाक. आजही कालच्याइतकंच येतंय असं मला रोज वाटायचं. पण केव्हातरी मोजून ऐकणं सुटलं. चुकीचा आवाज आला की मान आधी वळायची, विचार मागून यायचा.

अशाच एका दुपारी नाशिककडे जाणारी गाडी उभी होती. मिस्त्री वाजवत पुढे, मी मागे. एक चाक बद्द बोललं. मी खाकरलो. ते चालतच राहिले. मी मोठ्यानं खाकरलो. त्यांनी पुढचं चाक वाजवलं.

दुसरा कानही गेला होता.

शेजारी गार्ड उभा, दोन पावलांवर साहेब. मागून ओरडावं तर त्यांना ऐकू येणार नाही आणि मिस्त्री उघडे पडणार. गप्प राहावं तर गाडी घाटात जाणार. मी धावत पुढे गेलो, त्यांच्या तोंडासमोर उभा राहिलो आणि हातवारे करत ओरडलो, "मिस्त्री, मागं ब्रेक लागलाय वाटतं! बद्द वाजतंय!"

"झालं मडकेवाल्याचं सुरू," गार्ड म्हणाला. साहेबही हसले.

मिस्त्री हसले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत ते मागे आले. ठोकळा चाकापासून सुटा होता, ते त्यांनी बोट घालून बघितलं. चाकावर तळवा टेकवून हातोडी मारली, आणि खिशातला खडू काढून स्वतःच्या हातानं डब्यावर फुली मारली. डबा गाडीतून काढला गेला.

संध्याकाळी टाकीमागे त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. मी सांगत होतो, अजून थोडे दिवस राहा, मी आहे ना मागे. त्यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"तुजा कान झाला," ते म्हणाले. "उद्या मी साहेबाला सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. त्यांना घरी बसवलं.

मिस्त्रींनी कान दिला, त्यावर माझं उभं आयुष्य निघालं. पण दुसऱ्या दिवशी पहिली गाडी मला एकट्यानं वाजवायची होती. शिकत होतो तोवर पुढे कुणीतरी होतं. त्या दिवशी मी चाकामागून चाक वाजवत गेलो, आणि प्रत्येक वेळी मागे वळून पाहिलं, कुणी खाकरतंय का.