पाखराच्या तोंडावर ठेचा

माझ्या सासऱ्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या दर्यापूर तालुक्यात झाला नाही, आणि पुढेही होऊ नये अशी माझ्या सासूबाईंची रोजची प्रार्थना असे. या गृहस्थांनी आयुष्यभर जमवल्या त्या इंग्रजी जेवणाच्या चिनी मातीच्या ताटल्या, आणि त्याही फक्त मधोमध पक्षी रंगवलेल्या. पूर्वी कापूस घ्यायला आलेल्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांतलं सामान अकोल्याच्या जुन्या बाजारात निघे. तिथल्या भंगारवाल्या चाचांचा निरोप आला की सासरे वखर शेतातच सोडून जीप पकडत आणि संध्याकाळी तान्हं मूल आणावं तशी ताटली मांडीवर घेऊन परतत. इंग्रजी पाखरांची नावं त्यांना येत नसत. लांब शेपटीच्या एका रुबाबदार पक्ष्याला त्यांनी ‘तितराचा साहेब’ करून टाकलं होतं.

बरं, ताटल्या कपाटात ठेवून पाहाव्यात, तर तेही नाही. रोज त्यांतच जेवायचं, पण चित्र झाकायचं नाही! लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी मधोमध ठेचा वाढला, तर केवढ्यांदा ओरडले, "पाखराच्या तोंडावर ठेचा कावून टाकला वो बाई?" तेव्हापासून आमच्याकडे भात-भाजी काठाकाठानं. सासूबाईंनी एकदा, घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असतं तसं हिच्यावरही असावं म्हणून, एक ताटली नाव घालणाऱ्याकडे दिली. दुसऱ्याच ठोक्याला तिचे दोन तुकडे झाले. सासरे तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. संसारातले तेवढेच तीन दिवस सुखाचे गेले, असं सासूबाई सांगत.

कपाशीवर बोंडअळी आली त्या वर्षी माझ्या नणंदेला अकोल्याचं स्थळ आलं. भावकीतले सांगून थकले, "लोक कसे दिवस काढून राहिले, अन् तुमी हे शौक दाखवता! पाहुणे येतीन त्या दिवशी तरी स्टीलचे ताटं काढा." सासरे बधले नाहीत. पाहुणे जेवायला बसले. गडबडीत मी वाट्या मांडायला विसरले, आणि पाटवडीचा रस्सा सपाट ताटलीवरून थेट मुलाच्या काकांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर उतरला. काका भडकले, "अशा नापिकीत हे साहेबी नखरे? स्टीलचं ताट आणा, नाही तं आमी उठतो!"

सासरे जागचे हलले नाहीत. "साल वाईट हाय, म्हनून पाहुण्याले वाईट ताट वाढू काय? माह्या घरचं चांगलं तं हेच हाय."

पाहुणे उठले. स्थळ मोडलं. सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या, आणि मला सासऱ्यांचा असा राग आला की त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात नणंद बाहेर आली. जन्मात कोणाची माफी न मागितलेल्या त्या माणसानं तिला हळूच विचारलं, "पोरी, म्या तुह्यं वाटोळं केलं काय वो?"

ती रिकाम्या पंगतीत मांडी घालून बसली. म्हणाली, "बाबा, ह्या ताटात ज्याईले जेवता नाही आलं, त्याईच्या घरी माह्या घशाखाली घास उतरला असता काय? वाढा आता, भूक लागली मले."

सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं तिला वाढलं. डोळे वाहत होते, पण ते पुसायलाही हा माणूस तयार नव्हता.