चप्पल घालून कूलर

मंठ्यात बदली झाली तेव्हा आम्ही एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. घरमालक मूळचे हसनाबादकडचे बागायतदार, खाली राहायचे. घर नीट ठेवायचं म्हणजे भाडेकरूला धाकात ठेवायचं, अशी त्यांची पक्की समजूत. भिंतीला खिळा मारायचा नाही, मटण शिजवायचं नाही. राजवाडाच आमच्या हवाली केल्यासारखा त्यांचा आव असायचा.

राजवाड्याला अर्थिंग नव्हतं. उन्हाळ्यात कूलर लावला आणि पत्र्याला हात लागताच बायको किंचाळली. घरात तीन वर्षांची मुलगी, सदा अनवाणी, गार वाऱ्यासाठी कूलरला चिकटायला बघणारी. मी तडक खाली गेलो.

"काका, कूलरला करंट उतरतोय. अर्थिंग करून द्या."

"काय सर, एवढी शिकेल माणसं तुम्ही! चप्पल घालून हात लावत जा की. आमच्याबी कूलरला येतो करंट. आम्ही मेलो का?"

समोर चांगले जिवंत बसले होते, त्यामुळे वाद घालता आला नाही. आम्ही कूलरभोवती खुर्च्यांचं कुंपण केलं आणि पोरीवर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवला.

एका दुपारी ते खिळे तपासायला वर आले. दुसऱ्याच्या घरात चप्पल घालून शिरायचं नाही, एवढी रीत मात्र त्यांच्याकडे होती. दारात चप्पल काढली, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवरून आत आले, खुर्ची ओढून कूलरमागची भिंत बघायला वाकले आणि हात टेकला तो कूलरवरच. टोपी एकीकडे, मालक एकीकडे. बायकोनं धावत बटन बंद केलं. मला हसू आलं, ते मी लपवलं नाही. बायकोनं पाणी पुढे केलं. आम्ही बौद्ध आहोत हे कळल्यापासून ते आमच्याकडचं पाणी घेत नसत. तेव्हाही घेतलं नाही, टोपी उचलून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, तार ओढली. म्हटलं, चला, अक्कल आली. तार खालच्या मजल्यावरच थांबली.

"आणि वरचं, काका?"

"तुमचीबी सोय केली ना!" त्यांनी माझ्या हातात पिशवी ठेवली. आत गुलाबी रबरी चप्पल होती, लहान मापाची. "पोरीला सांगा, बिलकुल काढायची न्हाई."

पोरीला ती फार आवडली. तिनं लगेच पायात घातली आणि टाळ्या वाजवत थेट कूलरकडे निघाली.