पाय मोडलेला नंदी

देवाशी माझा अबोला होता. नवरा गेला त्या वर्षापासून. दिवा लावत होते, पण तोंड फिरवून. भांडण झालेली शेजारीण नळावर भेटली की आपण करतो तसं. खरं तर भांडण देवाशी कमी आणि माणसांशीच जास्त होतं. हळदीकुंकवाचं ताट माझ्यापुढून गुपचूप पुढे सरकायचं. ओवाळायची वेळ आली की मला कोणीतरी स्वयंपाकघरात कामाला पाठवायचं. वाईट कोणी बोलत नसे. पण ज्याच्या नावाने हे सगळं चालतं त्याला दिसत नाही का, असं वाटे आणि साऱ्या दुनियेचा राग त्याच्यावर निघे.

भजनी मंडळातली माझी मैत्रीण शालू, तिने मला यवतमाळच्या एका दवाखान्यातल्या लहान मुलांच्या वॉर्डात ओढून नेलं. आम्ही चार बायका दर रविवारी तिथे जातो. गाणी म्हणतो, कापडाच्या बाहुल्या नाचवतो, गोष्टी सांगतो. पहिल्यांदा मी कुरकुरतच गेले. "आपलंच रडू सरत नाही, दुसऱ्याच्या लेकरायले काय हसवणार?" असं शालूला म्हणालेही. पण बाहुलीने नाक शिंकरलं की सलाईन लावलेलं पोरगं खुदकन हसतं, आणि मग पुढच्या रविवारची वाट आपणच बघायला लागतो.

या वर्षी तान्हा पोळा वॉर्डातच करायचं ठरलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवतात, दोरीने ओढत दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-बिऊ, मागतात. दवाखान्यातल्या लेकरांनी त्या दिवशी खिडकीतून दुसऱ्यांचे नंदी का बघत बसावं? एकेक खाट म्हणजे एकेक घर समजायचं, असं आम्ही ठरवलं. सिस्टरांनी डॉक्टरांची परवानगी काढून दिली. मी झुली शिवल्या, शिंगांना बेगड लावली.

खिडकीजवळच्या खाटेवर आर्णीकडची सोनू होती, सहा-सात वर्षांची. बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, पडून तिचा पाय मोडला होता. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, जखमही भरत आली, पण पोरगी पाय टेकवेना. आता चालली नाही तर पाय आखडेल, असं डॉक्टर रोज समजावत होते. खाली उतर म्हटलं की ती आईच्या गळ्याला मिठी मारायची. बाप तिला सगळीकडे उचलून न्यायचा. तिची आई माझ्याजवळ हळूच रडली होती. "काकू, इचा पाय असाच राह्यला त कसं होईन वं?" देवावर भरवसा ठेव, असं मी तिला म्हणाले. म्हणताना माझीच जीभ अडखळली.

तान्ह्या पोळ्याला मी वॉर्डात नंदी मांडत होते. घाईत एक माझ्या पदरात अडकला आणि खाली पडला. पुढचा पाय कडकन मोडला. आमच्यातली सगळ्यात मोठी बाई लगेच म्हणाली, "अवं, खंडित झाला तो. पूजेत नको ठेवू, बाजूले ठेव." तिचं काही चुकलं नव्हतं. भंगलेली मूर्ती पूजत नाहीत, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मीही विचार न करता तो बाकाखाली सरकवला. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. सोनू आईला विचारत होती, "माय, मले बी आता बाजूले ठेवतीन का?"

पोरीने भिंतीकडे तोंड केलं आणि चादर डोक्यावर ओढून घेतली. तिला हसवायला आलेल्या आम्ही! धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. बाजूला ठेवलं की कसं वाटतं ते मला चांगलं माहीत होतं, आणि माझ्याच हातून तेच झालं होतं. कित्येक वर्षांनी मी मनातल्या मनात देवाला हाक मारली. मागणं-बिगणं काही सुचलं नाही. "आता तूच बघ बाबा, माझ्याच्याने नाही होत," एवढंच म्हटलं.

शेजारच्या खाटेपाशी एक दाढीवाले चाचा पिशवी भरत होते. त्यांच्या नातीचा ताप उतरला होता, तिला सुट्टी झाली होती. ते उठले, बाकाखाली वाकले आणि नंदी बाहेर काढला. "बाई, पाय मोडला म्हून घरचा बैल कोणी टाकून देते का? आमच्या गॅरेजात त साऱ्या मोडक्याच गाड्या येतेत," ते म्हणाले. सिस्टरांकडून त्यांनी बँडेजची पट्टी मागून घेतली. जीभ दाबून घसा बघायची लाकडी काडी असते ना, ती मोडून नंदीच्या पायाला दोन्हीकडून लावली आणि वरून पट्टी गुंडाळली, अगदी लेकरांच्या हातापायांना गुंडाळतात तशी. चादरीतून एक डोळा बाहेर आला.

"चालन का तो?" सोनूने विचारलं.

"मले काय मालूम बेटा? तूच ओढून पाहा." त्यांनी नंदी वॉर्डाच्या मधोमध ठेवला, दोरी तिच्या हातात दिली आणि पुन्हा पिशवीकडे वळले.

सोनूने दोरी ओढली. चाकं कुरकुरली, नंदी तिच्या खाटेपाशी येऊन थांबला. आता त्याला पुढे न्यायचं तर खाली उतरायलाच हवं होतं. आई तिला उचलायला निघाली, तर सिस्टरांनी नुसत्या नजरेने थांबवलं. पोरगी कितीतरी वेळ नंदीकडे बघत बसली. मी तिच्या खाटेशी जाऊन उभी राहिले. मग तिने चांगला पाय खाली सोडला, माझा दंड घट्ट धरला आणि दुसरा टेकवला. "माय वं!" म्हणून ओरडली, पण पाय वर घेतला नाही.

तशीच उभी राहून ती मला म्हणाली, "आजी, याले कुकू लावा ना. मंग नेतो." मी सवयीने हात मागे घेतला. शालूने ताट माझ्या हातात दिलं, आणि नंदी बाजूला ठेवायला सांगणाऱ्या त्या मोठ्या बाईनेच कुंकू कालवून दिलं. पट्टी बांधलेल्या त्या नंदीला मी कुंकू लावलं. सगळा वॉर्ड "हर हर महादेव!" म्हणून ओरडला.

मग सोनू एकेक खाट घेत निघाली. लंगडत, थांबत, माझा दंड धरून. पहिली खाट चाचांची, पण ती रिकामी झाली होती. नातीला घेऊन ते कधी गेले ते कोणालाच कळलं नाही. नाव विचारायचंही राहून गेलं. दाराशी पोचलो तर सोनूचा बाप डबा घेऊन आत येत होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोरीने हात पुढे केला, "बाबा, बोजारा!" त्याने डबा खाली ठेवला, नेहमीप्रमाणे तिला उचलायला हात पसरले आणि तसाच थांबला. मग तिच्या पायाशी बसून तो गडी माणूस हमसून हमसून रडला.

चाचांना कोणी पाठवलं, असं मला लोक विचारतात. मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही. माझ्याच्याने होत नाही, हे मान्य करायला फार जड जातं. मान्य केलं की मात्र आपल्याला झेपेल तेवढंच काम वाट्याला येतं. त्या दिवशी माझ्या वाट्याला काय आलं? नुसतं खांबासारखं उभं राहायचं, एका लेकराला धरायला दंड द्यायचा. देवा, एवढ्याशा कामालाही तुला मी चालले, याचे उपकार कसे फेडू?