याखनचं पिंप

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत मार्सलीने व्हिस्कीचा थेंब जिभेला लावला नव्हता. स्कॉटलंडच्या आयला बेटावर ही गोष्ट कुणाला खरी वाटत नसे. नवरा अंगस डिस्टिलरीत भट्टीवर कामाला, घराच्या पडद्यांनासुद्धा पीटच्या, म्हणजे तिथे जळणाला वापरतात त्या दलदलीच्या मातीच्या, धुराचा वास, आणि बाई दिवसाला आठ कप चहा पिणारी. मुलगा याखन म्हणायचा, "आई, तुझे डोळे बांधून हातात व्हिस्की दिली ना, तर तू त्यात साखर मागशील."

याखन जन्मला त्याच दिवशी अंगसने त्याच्या नावाने व्हिस्कीचं एक पिंप भरून गोदामात ठेवलं होतं. पोराच्या लग्नात फोडायचं, असं ठरलेलं. लग्न झालं नाही. अंगस आजारपणात गेला. आणि सात वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात याखन खेकड्यांच्या बोटीवर गेला, तो आलाच नाही. बोट सापडली, बरोबरच्या दोघांचे देह सापडले. हा नाही सापडला.

"सापडला नाही म्हणजे गेला असं नाही," मार्सली पाद्रीबाबांना म्हणाली. त्यांनी अंगसच्या थडग्याच्या दगडावर खाली याखनच्या नावा-तारखांपुरती मोकळी जागा आहे, एवढंच सुचवलं होतं. पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

तीन वर्षांनी ती एका गुरुवारी गावच्या हॉलमध्ये आर्चीकाकांच्या वर्गाला जाऊन बसली. आर्ची मॅकफी म्हणजे ऐंशीचा म्हातारा, जन्मभर पिंपं दुरुस्त केलेला. नवशिक्यांना तो व्हिस्कीची चव घ्यायला शिकवायचा.

"मार्सली? तू? चर्च शेजारी आहे बरं."

"माहीत आहे. ग्लास द्या."

याखन येईल तेव्हा त्याच्या पिंपाबद्दल आपल्याला चार शब्द बोलता यावेत, एवढंच तिच्या मनात होतं. पण मग तिला नादच लागला. तीन ग्लास शेजारी शेजारी ठेवायचे, आधी नाक, मग जीभ, मग पाण्याचा एक थेंब टाकून पुन्हा नाक. ती सगळं वहीत लिहायची. 'पहिली: शाळेचा ओला कोट. दुसरी: जखमेचं मलम, नंतर मध. तिसरी: दुसरीपेक्षा चांगली, पण का ते कळत नाही.' वर्गातले हसायचे. आर्चीकाका हसायचे नाहीत. "हिचं नाक खरं बोलतं," म्हणायचे. वाढदिवसाला त्यांनी तिला पाण्याचे थेंब टाकायला काचेचा एक ड्रॉपर दिला. तो तिच्या पर्समध्ये, चष्म्याच्या डबीत असायचा.

परवा गोदामातून नीलचा फोन आला. नील याखनच्या वर्गातला, आता गोदामाचा मुख्य.

"मावशी, एकदा येऊन जा. याखनच्या पिंपाचं ठरवायला हवं."

ती आर्चीकाकांना घेऊन गेली. गोदामात मातीची जमीन, गारवा, आणि खालच्या रांगेत ते पिंप. नीलने तांब्याची लांब नळी आत सोडून दोन ग्लास भरले.

"चौतीस वर्षांत अल्कोहोलचा जोर उतरत उतरत चाळीस पॉइंट तीन टक्क्यांवर आलाय," तो म्हणाला. "चाळीसच्या खाली गेला की कायद्याने त्याला व्हिस्की म्हणता येत नाही. उन्हाळ्यापर्यंत जाईल. आत्ताच बाटल्यांत भरायला हवी."

"तो आल्यावर भरू."

नील पिंपाचं बूच बसवू लागला. आर्चीकाका एका पालथ्या पिंपावर टेकले.

"काका, तुम्ही तरी सांगा याला."

"काय सांगू, मार्सली? पिंप थांबत नाही गं. आधी चव तर घे. चार वर्षं कशासाठी शिकलीस?"

तिने ग्लास नाकाशी नेला आणि वास न घेताच खाली घेतला. काहीतरी करायला हवं म्हणून पर्स उघडली, पाण्याची बाटली आणि ड्रॉपर काढला, आणि सवयीने पाण्याचे दोन थेंब टाकले.

"अगं, थांब!" काका म्हणाले, पण तोवर ते पडले होते.

तिने घोट घेतला. पातळ. ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी, आणि मग तेही नाही.

"ही म्हातारी व्हिस्की," काका हळूच म्हणाले. "आधीच इतकी उतरलेली. हिच्यात पाणी घालायचं नव्हतं."

मार्सली त्या ग्लासकडे बघत राहिली. याखन बोटीवर गेला त्या दिवशी सकाळी तिने त्याला तीनदा फोन केला होता. लाइफ जॅकेट घातलंस का. आतून लोकरीचं घातलंस का. वारा फिरतोय म्हणतात, आज नाही गेलास तर. तिसऱ्यांदा तो म्हणाला होता, "आई, पुरे ना आता," आणि फोन ठेवला होता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्ता गोदामात, या दोघांसमोर सांगितलं.



मग नीलने दुसरा ग्लास तिच्या हातात दिला. "यात काही घालू नका, मावशी."

तिने नाक लावलं. धूर फार मागे, विझलेल्या चुलीतला. पुढे सफरचंद, दोराचा काथ्या, खारट लोकर. तिने घोट घेतला आणि तो किती तरी वेळ गिळलाच नाही.

"लिहिणार नाहीस वहीत?" काकांनी विचारलं.

तिने मान हलवली. नको.

"भर बाटल्या," ती नीलला म्हणाली.

नीलने खिशातून कागद काढला. लेबलावर काय छापायचं त्याचा. नाव, आणि खाली दोन रकाने: पिंप भरल्याची तारीख, बाटलीत भरल्याची तारीख. तिने नाव लिहिलं, याखन मॅकेकर्न. पहिल्या रकान्यात त्याची जन्मतारीख लिहिली, अक्षर नीट काढून. मग पेन तसंच धरून राहिली.

"दुसरी तू लिही, बाळा," ती म्हणाली, आणि कागद त्याच्याकडे सरकवला.