मीठ लावलेली पिल्लं

पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या कुडपणच्या सारिकाने मेंदूच्या अभ्यासाला जायचं ठरवलं, तेव्हा तिच्या आजीला, रंगूबाईंना, पहिला प्रश्न पडला तो हा की पाच वर्षं शिकवण्याइतकं त्यात असतं तरी काय.

ही २००३ सालची गोष्ट. सारिकाचे वडील भरत मुंबईत माझ्या दिरांच्या गोदामात कामाला होते. त्या ओळखीने ती कॉलेजची पाच वर्षं महाडला आमच्या मागच्या खोलीत राहिली. पुढे एम.एस्सी.ला मुंबईला गेली आणि तिथल्याच एका संशोधन संस्थेत तिला पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला. गावी जाता-येता आमच्याकडे एक मुक्काम ठरलेला. त्या खेपेला रंगूबाईही मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी खाली आलेल्या होत्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि मी ‘राहू द्या’ म्हटलं तरी हातात निवडायला घेतलेली मेथी.

सारिका त्यांना सांगत होती, संस्थेत कोण कशावर काम करतं.

“एक सर झोपेवर काम करतात.”

“झोपून?”

“नाय गो आजी. माणूस झोपला की मेंदूत काय चालतं ते बघतात.”

“दुसरं?”

“एक मॅडम दुखण्यावर. मुंगी चावलेली मेंदूला कशी कळते, त्यावर.”

“मुंगी चावली की माणूस बोंबलतो. त्यात कळायचं काय?”

“आणि एक सर चालण्यावर. माशी सहा पाय कोणत्या क्रमाने टाकते ते शोधतात.”

रंगूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “त्याला पगार देत्यात?”

“देतात,” मी म्हटलं.

“आणि एक मॅडम आईवर काम करतात,” सारिका म्हणाली. “पिल्लू लहानपणी आईपासून लांब राहिलं, तर मोठेपणी त्याच्या मेंदूत काय फरक पडतो. उंदरांवर बघतात.”

“ही बरी हाय. हिच्याकडंच जा.”

सारिकाच्याही मनात तेच होतं. ती दीड वर्षाची असताना तिची आई, मैना, तिला रंगूबाईंपाशी ठेवून मुंबईला कामाला गेली होती. हे कारण म्हणून सारिकाने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पण नुसतं मनात असून भागणार नव्हतं. संस्थेचा नियम असा की पहिल्या वर्षी तीन प्राध्यापकांकडे थोडे थोडे महिने काम करायचं. वर्षअखेरीला त्यांतल्या कुणीतरी ‘ही माझ्याकडे राहू दे’ असं म्हणायला हवं. कुणीच म्हटलं नाही, तर घरी परत.

“म्हंजे सून बघत्यात तसं,” रंगूबाई म्हणाल्या.

“तसंच. फक्त घरं तीन.”

“आन तिघांनी नाय म्हटलं तर?”

“तर तुझ्या म्हशी आहेतच.”

“माज्या म्हशींना नको गो एवढी शिकलेली,” रंगूबाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

पहिले काही महिने सारिका झोपेच्या सरांकडे होती. सर भले, पण त्यांनी आधीच दोन मुलं घेतलेली होती, तिसऱ्याला जागा नव्हती. ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मग ती आईवर काम करणाऱ्या मॅडमकडे गेली.

तिथलं काम असं. पांढऱ्या उंदराच्या माद्या व्यायल्या की काही माद्यांची पिल्लं रोज थोड्या वेळासाठी बाजूला काढून उबेत ठेवायची, काहींची मुळीच हलवायची नाहीत. पिल्लं परत दिली की आई त्यांना किती चाटते, किती जवळ घेते, ते बसून टिपायचं. हे सगळं पूनम नावाच्या सिनिअर मुलीच्या प्रबंधाचं काम होतं. पिल्लं काढणं-ठेवणं तिने सारिकाकडे दिलं. सारिकाचा हात हलका होता. दूध काढण्याआधी पारडू बाजूला बांधायचं हे तिने लहानपणापासून केलेलं, त्यामुळे पिल्लू काढताना इतर मुलांसारखा तिचा जीव कासावीस होत नसे.

एका मादीने मात्र परत दिलेल्या पिल्लांकडे पाठ फिरवली. कोपऱ्यात जाऊन बसली. पिल्लं गार पडायला लागली.

पहिलटकर म्हैस पारडाला लाथ मारायला लागली की रंगूबाई त्याच्या पाठीवर मीठ आणि कोंडा चोळतात. म्हैस मिठासाठी चाटायला लागते, आणि एकदा चाटलं की ते पारडू तिचं होतं. सारिकाने हे इतक्यांदा पाहिलं होतं की वेगळा विचार करायची गरजच तिला वाटली नाही. कँटीनमधून चिमूटभर मीठ आणलं, पाण्यात कालवलं, एकेका पिल्लाच्या पाठीवर ओलं बोट फिरवलं. मादी आली आणि चाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, एकीलाच का? बाजूला काढलेल्या सगळ्याच पिल्लांना तिने मीठ लावायला सुरुवात केली. जी पिल्लं आईजवळच होती त्यांना लावलं नाही. त्यांना काय गरज?

काही आठवड्यांनी मॅडमनी सगळ्यांची बैठक घेतली. पिल्लं परत मिळालेल्या आया इतरांपेक्षा कितीतरी जास्त चाटत होत्या. एवढा फरक त्यांनी कधी पाहिला नव्हता. पूनमचा चेहरा उजळलेला. मॅडम सारिकाकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, “तुझ्या हातची पिल्लं सगळ्याच आया घेतात. काय करतेस तू?”

“मीठ लावते, मॅडम,” सारिका म्हणाली.

मागे कुणीतरी हसलं.

“काय लावतेस?”

“मीठ. पाण्यातून. पाठीवर.”

“कधीपासून?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

“विचारलं का नाहीस?”

“विचारायचं असतं असं वाटलं नाही. आमच्याकडे लावतातच.”

मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की हे सगळं बाद करावं लागेल. पूनम उठून बाहेर गेली. तयारीपासून धरून तिचं सहा महिन्यांचं काम होतं ते. त्या आठवड्याच्या शेवटी मॅडमनी सारिकाला बोलावून सांगितलं, “तू हुशार आहेस. पण माझ्याकडे नको.”

शिमग्याला घरी जाताना ती आमच्याकडे उतरली, तेव्हा हे मला कळलं. दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीसाठी रंगूबाईही आलेल्या होत्या. सारिका जेवली नाही. रंगूबाईंना आधी काही उमगेना.

“मीठ लावलं त्यात काय चुकलं? चाटलं ना तिनं?”

“चाटलं, म्हणूनच चुकलं. ती आपणहून किती चाटते ते बघायचं होतं, आजी. मी मीठ लावलं. मग ती पिल्लाला चाटत होती की मिठाला, कसं कळणार?”

मी चहा ठेवला, गाळला, कप हातात दिला, तेव्हा कुठे त्या बोलल्या.

“ती उंदरं कुनाची?”

“पूनमची. म्हणजे तिच्या कामाची.”

“मंग गोठा दुसऱ्याचा होता,” रंगूबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या गोठ्यात इचारल्याबिगर वैरणसुदिक टाकू नये. तुला ठावं नाय?”

मॅडम बोलल्या तेव्हा सारिका रडली नव्हती, आता रडली.

“एकदा बनुबायच्या म्हशीला मी पाला घातला,” रंगूबाई पुढे सांगू लागल्या. बनुबाई म्हणजे त्यांची वरच्या घरची शेजारीण. “चांगला म्हनून घातला. म्हस आटली. बनुबाय तोंड बघंना माजं. मी सांजसकाळ जाऊन तिच्या गोठ्यातलं शेण काढलं. म्हस दूध द्यायला लागंपतूर काढलं.”

“बनुबाई बोलायला लागली का मग?” मी विचारलं.

“लागली की. शिव्याच द्यायची, पर बोलायची.”

सारिका मुंबईला गेली. तिसरी पाळी माशीच्या चालण्याच्या सरांकडे होती. तिथे जायला फारसं कुणी उत्सुक नसे. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, “मीठ घेऊन आलीस का?” सगळे हसले, तीही हसली. ती आता प्रत्येक गोष्ट विचारायची. बाटलीचं झाकण बदलू का, दिवा इकडे सरकवू का. शेवटी सरच कंटाळून म्हणाले, “श्वास मात्र न विचारता घे.”

संध्याकाळी ती पूनमकडे जायची. पूनमने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. सारिका म्हणाली, “मी तुझे पिंजरे धुते.” पूनम म्हणाली, “माझ्या एकाही उंदराला हात लावायचा नाही.” सारिका म्हणाली, “रिकामे पिंजरे.” पूनमने खांदे उडवले. तेव्हापासून वापरलेले पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या धुऊन, वाळवून, रचून ठेवणं सारिकाकडे आलं. त्याबद्दल पूनम तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. फक्त एकदा, बाटली नीट निथळली नव्हती तेव्हा, बोलली.

वर्षअखेरीला सगळे प्राध्यापक बसले. त्या दुपारी तिच्या वडिलांनी गोदामातून दोनदा फोन केला. आत काय बोलणं झालं ते सारिकाला कळलं नाही. पिंजरे धुताना तिला कुणी पाहिलं, की पाहिलं नाही, तेही कधी कुणी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर माशीचे सर तिला म्हणाले, “उद्यापासून माझ्याकडे. मीठ लावलं म्हणून माझ्या माशा काही जास्त चालणार नाहीत.”

ती गावी निघाली तेव्हा आमच्याकडे थांबली. रंगूबाई पोलादपूरच्या गाडीसाठी माझ्याच ओट्यावर बसलेल्या होत्या, आता दोन्ही डोळे उघडे.

“घेतलं, आजी. चालण्याच्या सरांनी घेतलं.”

“माशीवाल्यानं?”

“हो.”

“बरं झालं,” रंगूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आन त्या पोरीचं?”

“पूनमचं? या खेपेला नीट झालं. मीठ न लावताही चाटतात, आजी. थोडंच जास्त, पण चाटतात.”

“मंग झालं तर,” रंगूबाई म्हणाल्या, आणि गाडीचा आवाज आला म्हणून पिशवी उचलून उठल्या.